गच्चीवरच्या सोलरमधून खरोखर किती युनिट निघतील? अंदाज काढायची पद्धत, पायरीपायरीने

‘तीन किलोवॅट गुणिले चार युनिट गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला ३६० युनिट.’ कोटेशनच्या मागच्या बाजूला पेनाने केलेला हा हिशोब मी इतक्या वेळा पाहिलाय की आता कागद उलटायच्या आधीच आकडा सांगतो. मग जुलै येतो, अ‍ॅपवर जेमतेम पावणेतीनशे दिसतात आणि फोन वाजतो, “पॅनल डुप्लिकेट निघाले का हो?” पॅनल बहुतेक वेळा ठणठणीत असतात. चुकलेला असतो तो कागदामागचा हिशोब.

किलोवॅटला रोज चार युनिट हा ठोकताळा खोटा नाही. पुण्यासारख्या ठिकाणी, सावली नसलेल्या गच्चीवर, वर्षाची सरासरी म्हणून तो बऱ्यापैकी जुळतो. पण तो तुमची गच्ची बघत नाही, महिना बघत नाही. शिवाय त्यात कोणती घट आधीच धरलेली आहे हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे काही जण तीच घट दुसऱ्यांदा वजा करतात आणि काही जण अजिबात करत नाहीत.

खाली पुण्यातल्या एका गच्चीचं उदाहरण शेवटपर्यंत चालवलंय. अक्षांश साधारण १८.५, ५४० वॅटचे सहा पॅनल, तोंड दक्षिणेला. त्यातले गोल आकडे समजण्यापुरते आहेत. तुमचे तुम्हाला काढायचे आहेत.

आधी हाताशी काय हवं

मोजपट्टी, पॅनल आणि इन्व्हर्टरची (पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारी पेटी) डेटाशीट (व्हेंडरकडे मागा, नुसतं माहितीपत्रक चालणार नाही), फोनमधलं होकायंत्र आणि लेव्हल, एक वही. वीजबिल लागत नाही. बिलावरून किती किलोवॅट बसवायचे ते ठरतं, त्यातून किती निघेल ते नाही. या दोन गोष्टींची गल्लत करून ‘आमचं बिल ३०० युनिटचं, म्हणजे सोलर ३०० देणार’ असं मानणारेही भेटतात.

गच्चीचा ढोबळ नकाशा वहीत काढा. कठडा, जिन्याची खोली, पाण्याची टाकी, डिश, शेजारची इमारत, नारळाचं झाड हे सगळं दिशेसह त्यात आलं पाहिजे. प्रत्येकाची उंची जमिनीपासून नको, पॅनलच्या खालच्या कडेपासून लिहा. स्ट्रक्चर उंच असेल तर कठडा हिशोबातून आपोआप बाद होतो.

१. कोटेशनमधला किलोवॅट कोणता ते ओळखा

‘३ किलोवॅट सिस्टिम’ म्हणजे पॅनलची बेरीज की इन्व्हर्टरची क्षमता? दोन्ही अर्थ सर्रास वापरले जातात. अंदाजासाठी धरायची ती पॅनलची बेरीज. आपल्या उदाहरणात ६ × ५४० = ३,२४० वॅट, म्हणजे ३.२४ किलोवॅट. पॅनलची क्षमता इन्व्हर्टरपेक्षा दहा-वीस टक्के जास्त असणं ही फसवणूक नव्हे. पॅनल आपल्या छापील वॅटपर्यंत क्वचितच पोचतात, त्यामुळे हे मुद्दाम केलेलं असतं. थंड वाऱ्याच्या, लख्ख उन्हाच्या एखाद्या दुपारी इन्व्हर्टर वरचा थोडा भाग कापतो, एवढंच.

सावधान: पॅनलच्या कार्यक्षमतेने गुणू नका. ५४० वॅटच्या पॅनलचं क्षेत्रफळ सुमारे २.५८ चौरस मीटर असतं आणि कार्यक्षमता २१ टक्क्यांच्या आसपास. ती कार्यक्षमता ५४० या आकड्यात आधीच मुरलेली आहे, कारण हे वॅट १,००० वॅट प्रति चौरस मीटर उन्हात आणि सेलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले असतात. पुन्हा २१ टक्क्यांनी गुणलं की उत्तर एक पंचमांश होतं. इंजिनिअर मंडळींनीही ही चूक केलेली मी पाहिली आहे.

२. सावली मोजा, आणि ती डिसेंबरची मोजा

सगळा वेळ इथे घालवा. बाकीच्या पायऱ्यांतली चूक दोन-चार टक्क्यांची असते, सावलीतली वीस टक्क्यांची होऊ शकते. आणि ही एकच गोष्ट अशी आहे की खाली दिलेलं कुठलंही मोफत साधन ती तुमच्यासाठी करून देत नाही. साधनांना फार तर लांबचे डोंगर कळतात, तुमची टाकी नाही.

बहुतेक लोक ज्या दिवशी गच्चीवर जातात त्या दिवशीची सावली बघतात. एप्रिलच्या दुपारी सावली पायाशी असते, म्हणून ‘सावली नाही’ असा शेरा पडतो. खरी परीक्षा २१ डिसेंबरच्या आसपास. त्या दिवशी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर असतो. आणि भर दुपार म्हणजे घड्याळात बारा नव्हे, साडेबाराच्या जरा पुढे.

डिसेंबरपर्यंत थांबायची गरज नाही. पुण्याच्या अक्षांशासाठी हे दोन आकडे वहीत लिहून ठेवा:

- २१ डिसेंबरच्या दुपारी एक मीटर उंच वस्तूची सावली ०.९ मीटर, सरळ उत्तरेला.
- त्याच दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास सावली १.८ मीटर, वायव्येला. दुपारी साडेतीनला तेवढीच, पण ईशान्येला.

जिन्याची खोली पॅनलच्या खालच्या कडेपेक्षा अडीच मीटर उंच असेल, तर सकाळी साडेनऊला तिची सावली २.५ × १.८ = ४.५ मीटरपर्यंत पोचते. शेजारची इमारत चार मजल्यांनी, म्हणजे सुमारे १२ मीटरने उंच असेल, तर २१ मीटरच्या पुढे. नकाशावर या सावल्या पेन्सिलने काढा आणि कोणते पॅनल त्यात येतात ते बघा.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे, जी उत्तर भारतात लिहिलेल्या माहितीत सापडत नाही. साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा उत्तरेला असतो. या काळाच्या दोन्ही टोकांना येणारा शून्य सावलीचा दिवस शाळेत मुलांना दाखवतात, तो हाच हिशोब. म्हणजे उत्तरेकडची उंच इमारत कायमची निरुपद्रवी नाही. मे-जूनच्या सकाळ-संध्याकाळी तिचीही सावली येऊ शकते. एका दिवसातली वाटणी बघायची तर सकाळी दहा ते दुपारी तीन या पाच तासांत सुमारे दोन तृतीयांश वीज निघते. सकाळी साडेआठच्या आधीची आणि संध्याकाळी साडेचारनंतरची सावली फार मनाला लावून घेऊ नका.

आता सावलीचे टक्के. समजा सहापैकी एकच पॅनल नोव्हेंबर ते जानेवारी रोज सकाळी दोन तास झाकला जातो. त्या पॅनलची दिवसाची साधारण पाव वीज गेली, म्हणजे संचाची चारेक टक्के, आणि तीही वर्षातले तीनच महिने. वर्षावर पसरली तर एक टक्का. पण तीच सावली आडवी पसरून सगळ्या पॅनलच्या खालच्या रांगेवर आली, तर सगळी स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ, खाली बसते. किती जागा झाकली यापेक्षा किती पॅनल झाकले ते मोजा. डिशच्या दांड्याची बारीक सावलीसुद्धा तिच्या रुंदीपेक्षा जास्त वीज खाते, कारण पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात.

पडताळा: पॅनल जिथे बसणार त्या उंचीवर फोन धरून पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत, दक्षिणेवरून, सलग फोटो काढा. ४८ अंशांच्या खालचं आकाश कुठे कुठे अडलंय ते एका नजरेत दिसतं. रिकामा प्लॉट दिसला तर त्यावर काय होणार याची सोसायटीत चौकशी करा. पुण्यात रिकामा प्लॉट रिकामा राहत नाही.

उदाहरणासाठी सावलीची घट ३ टक्के धरू.

३. दिशा आणि झुकाव

होकायंत्र गच्चीच्या मध्यभागी, कमरेच्या उंचीवर धरा. स्लॅबमधलं लोखंड, टाकीचं स्टँड, शिडी यांच्याजवळ ते बिनदिक्कत खोटं बोलतं. मी स्वतः एकदा टाकीच्या स्टँडला टेकून वाचन घेतलं आणि गच्ची तीस अंशांनी फिरवून बसलो होतो. तीन ठिकाणी वाचन घ्या आणि उपग्रह नकाशात इमारतीच्या भिंतीची दिशा ताडून बघा.

झुकाव अक्षांशाच्या आसपास, म्हणजे १५ ते २० अंश असेल तर चांगलं. त्यात दोन-चार अंशांनी वर्षाच्या बेरजेत दखल घेण्यासारखा फरक पडत नाही, त्यावर वाद घालू नका. कौलारू किंवा पत्र्याचं छप्पर पूर्व-पश्चिम उताराचं असेल तरी नाउमेद व्हायचं कारण नाही. आपल्या अक्षांशावर १५ अंशांच्या उतारावर दक्षिणेच्या तुलनेत घट दहा टक्क्यांच्या आतच राहते. मात्र दोन उतारांचे पॅनल एकाच स्ट्रिंगमध्ये जोडलेले नाहीत ना, ते विचारा. प्रत्येक उताराचा हिशोबही वेगळा करा आणि मग बेरीज घ्या.

४. ऊन किती पडतं तो आकडा काढा

तीन मोफत साधनं पुरेशी आहेत: युरोपियन कमिशनचं पीव्हीजीआयएस, अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या प्रयोगशाळेचं पीव्हीवॉट्स आणि जागतिक बँकेचं ग्लोबल सोलर अ‍ॅटलस. नकाशावर शहराचं नाव टाकून थांबू नका, आपल्या घरावर बोट ठेवा. घाटमाथ्याजवळ वीस-तीस किलोमीटरवर पावसाळी ढगांचं मान बदलतं. लोणावळ्याचा आकडा पुण्याला चालत नाही.

हवी असलेली गोष्ट म्हणजे पॅनलच्या तिरक्या पृष्ठभागावर महिन्याला पडणारी ऊर्जा, चौरस मीटरला किती युनिट. पीव्हीजीआयएसमध्ये ती ‘इन-प्लेन इरॅडिएशन’ या नावाने मिळते. आडव्या जमिनीवरचा आकडा वेगळा असतो, तो घेऊ नका. उदाहरणासाठी वर्षाला २,००० धरू.

सावधान: दिशेचा आकडा प्रत्येक साधनात वेगळा आहे. पीव्हीवॉट्स आणि ग्लोबल सोलर अ‍ॅटलसमध्ये दक्षिण म्हणजे १८०. पीव्हीजीआयएसमध्ये दक्षिण म्हणजे ०, पूर्व उणे ९०, पश्चिम ९०. पीव्हीजीआयएसमध्ये १८० टाकलंत तर पॅनल उत्तरेला वळले. आणि खरी अडचण पुढेच आहे. आपल्या अक्षांशावर उत्तरेला वळलेला पॅनलही वर्षाला दहा-पंधरा टक्केच कमी देतो, म्हणून उत्तर विचित्र दिसत नाही आणि चूक खपून जाते.

पडताळा: डिसेंबर आणि जुलै शेजारी ठेवा. दक्षिणेकडच्या पॅनलचा डिसेंबर जुलैपेक्षा ठळकपणे वर असतो. डिसेंबर जुलैच्याही खाली गेला असेल तर दिशा उलटी टाकली आहे.

५. घट एकेक लिहा, कोणती कुठे धरली ते नोंदवा

उष्णतेपासून सुरुवात करा, कारण ती सर्वात मोठी आणि सर्वात जास्त विसरली जाणारी. डेटाशीटवर कमाल वॅटचा तापमान गुणांक असतो, उदाहरणार्थ अंशाला उणे ०.३५ टक्के. शेजारी एनओसीटी (ठरावीक उन्हात आणि हवेत सेल किती तापतो तो आकडा) असतं, साधारण ४५ अंश. कडक उन्हात मोकळ्या स्टँडवरचा पॅनल हवेपेक्षा तीसएक अंश जास्त तापतो. मे महिन्यात नागपूरला हवा ४३ अंश असेल तर सेल ७४ वर. २५ च्या वर ४९ अंश, गुणिले ०.३५, म्हणजे त्या घटकेला १७ टक्के गेले. ऊन जास्त म्हणजे वीज त्याच प्रमाणात जास्त, हा विदर्भातला लाडका गैरसमज इथे संपतो. पुण्यात वर्षाची सरासरी घट ९ टक्के धरायला हरकत नाही. पत्र्याला चिकटवून बसवलेल्या पॅनलखाली वारा खेळत नाही, तिथे ११-१२ धरा.

पूर्ण यादी, उदाहरणापुरती:

- उष्णता ९ टक्के
- काचेवरून परावर्तन २
- धूळ आणि पक्ष्यांची घाण ३ (पंधरवड्याला धुणार असाल तर. शेजारी बांधकाम असेल तर दुप्पट धरा)
- पॅनलमधला आपापसातला फरक आणि सुरुवातीची घसरण ३
- डीसी वायर २
- इन्व्हर्टर ३
- एसी वायर १
- वीज गेल्यामुळे बंद २
- सावली ३

शेवटून दुसऱ्या ओळीवर लोक अडखळतात. ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला, इन्व्हर्टर वीज गेली की सुरक्षेसाठी स्वतःही बंद होतो, मग वर कितीही ऊन असो. दिवसाचं भारनियमन असलेल्या गावात २ टक्के पुरणार नाहीत. तिथे गेल्या उन्हाळ्यात दिवसा रोज किती तास वीज नव्हती ते आठवून आकडा टाका. व्होल्टेज फार चढत-उतरत असेल तरी इन्व्हर्टर बंद पडतो.

सावधान: या घटी बेरजेने लावायच्या नसतात. बेरीज २८ होते आणि ७२ टक्के उरतात असं वाटतं. प्रत्येक घट उरलेल्यावर लागते, म्हणून गुणाकार करा: ०.९१ × ०.९८ × ०.९७ × ०.९७ × ०.९८ × ०.९७ × ०.९९ × ०.९८ × ०.९७ = ०.७५.

६. वर्षाचा आकडा, मग महिन्यांचे

३.२४ × २,००० × ०.७५ = ४,८६० युनिट. किलोवॅटला वर्षाकाठी १,५००, रोजचे ४.१. म्हणजे ठोकताळ्याच्या जवळच आलो. फरक एवढाच की आता कोणता आकडा हलला तर उत्तर किती हलेल ते माहीत आहे.

पण ४,८६० ला १२ ने भागून ४०५ लिहू नका. प्रत्येक महिन्याचा ऊर्जेचा आकडा घ्या आणि त्याला त्या महिन्याचा गुणक (वरच्या ०.७५ सारखा, घटी वजा जाऊन उरलेला भाग) लावा. मार्चमध्ये समजा चौरस मीटरला २११ युनिट आहेत, पण पॅनल तापलेले आणि धूळ भरपूर, म्हणून ०.७३: ३.२४ × २११ × ०.७३, म्हणजे जवळपास ५००. जुलैत ११८, पण पॅनल गार आणि पावसाने धुतलेले, म्हणून ०.७८: जेमतेम ३००. एकाच संचाचे हे दोन महिने. कोकणात आणि गोव्यात ही दरी याहून खोल असते, तिथे जून ते सप्टेंबरच्या आकड्यांवर घरखर्चाचं गणित बांधू नका.

पुढच्या वर्षांसाठी: डेटाशीटवरची वॉरंटी बघा. पहिल्या वर्षानंतर दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घसरण धरतात. कर्जाचा हप्ता किंवा पैसे वसूल व्हायची वर्षं काढताना मी आकडा आणखी दहा टक्क्यांनी खाली घेतो, म्हणजे इथे ४,४०० च्या जवळ. एखाद्या वर्षी पाऊस ऑक्टोबरअखेरपर्यंत रेंगाळतो, हे आपण पाहिलेलं आहे. पॅनल दुहेरी, म्हणजे बायफेशियल असतील तर मागच्या बाजूची वीज या हिशोबात मी शून्यच धरतो. मिळाली तर आनंद आहे.

७. साधनाच्या उत्तराशी ताडून बघा

आता साधनालाच युनिट विचारा. इथे दुसरा मोठा खड्डा आहे. पीव्हीजीआयएस उष्णता आणि परावर्तन स्वतः मोजतं. त्याच्या ‘सिस्टिम लॉस’च्या चौकटीत फक्त उरलेल्या घटी टाकायच्या. आपल्या यादीतल्या उरलेल्या सात घटींचा गुणाकार ०.८४, म्हणून तिथे १६ टाका. ‘एकूण ७५ टक्के उरतात’ म्हणून २५ टाकणारा माणूस उष्णता दोनदा वजा करतो. पीव्हीवॉट्समध्ये इन्व्हर्टरचीही चौकट वेगळी आहे, म्हणून तिथे १३. काहीच बदललं नाहीत तर दोन्हीकडे १४ आधीच भरलेलं असतं.

तुमचं उत्तर आणि साधनाचं उत्तर पाच टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. वेगवेगळ्या साधनांचा उपग्रहाचा डेटा वेगळा असतो, तंतोतंत जुळण्याची अपेक्षा ठेवू नका. किलोवॅटला वर्षाकाठी १,७०० च्या वर किंवा सावली नसूनही १,२०० च्या खाली आलात तर मात्र पहिल्या पायरीपासून पुन्हा बघा. व्हेंडरचा आकडा तुमच्यापेक्षा बराच जास्त असेल तर एकच प्रश्न विचारा: “यात सावली आणि उष्णता किती धरली आहे?”

८. बसवल्यानंतर

बारा महिन्यांचे आकडे मीटरच्या पेटीशेजारी चिकटवा. ताडताना इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवरचं किंवा जनरेशन मीटरचं एकूण उत्पादन घ्या. बिलावर दिसणारे निर्यात युनिट म्हणजे उत्पादन नव्हे. दिवसा घरात फ्रिज, पंप, एसीने जी वीज वापरली ती नेट मीटरपर्यंत पोचतच नाही. ‘अंदाज ४०० चा, महावितरणकडे गेले २३०, बाकीचे कुठे मुरले?’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा घरातच सापडतं.

एका महिन्यात दहा टक्के इकडेतिकडे होणं हे हवामान. लागोपाठ तीन महिने अंदाजापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त खाली असाल तर या क्रमाने शोधा: आधी पॅनल धुवा आणि आठवडाभर बघा (बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग सुकू देऊ नका, पुसून घ्या). मग सकाळी साडेनऊला आणि दुपारी साडेतीनला गच्चीवर जाऊन नवी सावली आली का बघा, झाडं वाढतात. मग इन्व्हर्टरमधल्या नोंदीत वीज गेल्यामुळे किंवा व्होल्टेजमुळे किती वेळा बंद पडला ते मोजा. हे तिन्ही स्वच्छ निघालं तर व्हेंडरला बोलवा आणि प्रत्येक स्ट्रिंगचं व्होल्टेज व करंट स्वच्छ उन्हात, साडेबाराच्या सुमारास, तुमच्यासमोर मोजायला सांगा.